सोलापूरच्या तेलुगू मुलांना त्यांची अक्षरं शिकू द्या

प्रति,
मा. शालेय शिक्षण मंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली, मराठी शाळेत शिकवणारी शिक्षिका. निजामाच्या मुलखातून, करीमनगर-नलगोंड्याकडून आमची माणसं पोटासाठी इथं आली. पुरुष मागावर बसले, बायका विड्या वळू लागल्या. याच समाजातून गंगाधर कुचन, धर्मण्णा सादूल खासदार झाले. माजी आमदार, कामगार नेते नरसय्या आडम मास्तरांच्या लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारीला विडी कामगार महिलांची १०,००० घरं उभी राहिली. आम्ही इथलेच आहोत, हे आता वेगळं सिद्ध करायला नको.

घरात मात्र अजून तेलुगूच. पहिलीत आलेलं पोर ‘दप्तर उघड’ म्हटलं की नुसतं माझ्या तोंडाकडे बघत राहतं. तेच तेलुगूत सांगितलं की चटकन हात चालतो. दिवाळीपर्यंत ते मराठी बोलायला लागतं, त्याची मला काळजी नाही. काळजी तेलुगूची आहे. आजोबांची तेलुगू पोथी आमच्या देवघरात आहे. रोज हळदकुंकू वाहिलं जातं, वाचणारं कुणी नाही. वडिलांना बोलता येतं, मलाही येतं. अक्षर एकालाही येत नाही. भाची आजीशी तेलुगूत बोलते आणि आईशी मराठीत. तिच्या मुलांशी तेलुगूत कोण बोलणार?

पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा ठेवणाऱ्या १७ जून २०२५ च्या शासन निर्णयात हिंदीऐवजी वेगळी भाषा घ्यायला इयत्तेत किमान २० विद्यार्थ्यांची अट होती. तेवढे नसतील तर ऑनलाइन शिक्षण. २९ जूनला तो निर्णय मागे घेतलात, हे योग्यच झालं. पहिलीच्या मुलावर तिसरी भाषा नकोच. पण नवं धोरण लिहिताना आमच्या शाळा डोळ्यांसमोर ठेवा. इथल्या कित्येक वर्गांत २० तेलुगू मुलं सहज भरतील. नाहीत ते शिक्षक. पद मंजूर नसेल तर भाषा निवडायची मुभा कागदावरच राहते, आणि आठवड्याचे दोन तास पडद्यासमोर बसून कुणाला लिपी गिरवता येत नाही.

माध्यम मराठीच राहू द्या. सहावीपासून तेलुगू ऐच्छिक ठेवा, हिंदीला पर्याय म्हणून नव्हे तर जादा विषय म्हणून चालेल. पूर्व भागात डी.एड. झालेल्या, घरी तेलुगू बोलणाऱ्या मुली भरपूर आहेत. त्यांना लिपीचं प्रशिक्षण द्या आणि येत्या शिक्षक भरतीच्या जाहिरातीत सोलापूरसाठी ही पदं दाखवा.

आपली,
पूर्व भागातील एक शिक्षिका, सोलापूर