चिलापी आणि तुझी बादली

सोलापूर,
रविवार दुपार

बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालणार, घाल. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर तशीच. विषय वेगळाच आहे बे.

गुरुवारी गावच्या पाझर तलावात जाळं ओढलं. गेल्या साली रोहू-कटला माशांचं बीज (बारकी पिल्लं) सोडलेलं, म्हणून अख्खं गाव पाट्या घेऊन काठावर. निघाली काय, चिलापी (तिलापिया मासळी)! बोटाएवढी. आबा म्हणाले, "पिल्लं हायती, सोडा, वाढतील." मी एक उचलली, तर तिच्या तोंडातून पिवळी अंडी ओघळली. पिल्लू कसलं, लेकुरवाळी होती ती.

तेव्हापासून वाचत बसलोय. मूळची आफ्रिकेची, १९५२ साली आपल्याकडे आणलेली. नर तळाला खड्डा करतो, मादी त्यात अंडी घालते आणि लगेच तोंडात भरून घेते. पुढं दोन-तीन आठवडे धड खाणं नाही. पिल्लं पोहायला लागली तरी धोका दिसला की परत आईच्या तोंडात. (तुला अजून तसंच वाटतं, वहिनी सांगत होत्या.) या उपासांनी मादीची वाढ मागं पडते, नर पुढं जातो. मोठ्या पाण्यात फूटभर होणारी ही जात दाटीत दोन-तीन महिन्यांतच वयात येते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही, अंड्यांत जातं. त्यात आपलं ऊन! महिना-दीड महिन्याला नवं बाळंतपण.

आता दहावीची सुट्टी आठव. टेंभुर्णीच्या मावशीकडून यष्टीत आणलेली बादली. पाणी निम्मं सांडलं तरी एक मासा मेला नाही, म्हणून तू कंडक्टरला शायनिंग मारत होतास. मी म्हणत होतो तळून खाऊ. तू म्हणालास, "जीव आहे, सोडू." वीस वर्षं तू उलटंच सांगतोस, पण तलावाच्या बांधावर बादली कुणी पालथी केली ते मला पक्कं आठवतंय.

लोक म्हणतात बीजवाल्यानं फसवलं, त्याचे निम्मे पैसे अडवलेत. तो बिचारा काल घरी येऊन पाणी पिऊन गेला. मी मान खाली घालून बसलो.

तुझ्या वास्तुशांतीला आलो नाही, राग धरू नकोस. धाकटीची बारावी कशी गेली? शेंगाचटणी पाठवतोय.

पोर्णिमेला बैठक आहे. सांगून टाकू का? तुझं नाव घेणार नाही. पण बादलीवर तुझ्या आजोबांचं नाव कोरलेलं होतं, आणि ती अजून आबांच्या गोठ्यात आहे.

तुझा,
पम्या