आईचा नेम आणि केमो

ती. आई-बाबांस सा. न.

बाबा, हे पत्र देवघरात समईच्या खाली ठेवा, रोज हाताशी लागेल.

आईचा केमोचा (कर्करोगाच्या औषधाचा) डोस दर 21 दिवसांनी आहे. पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. तेव्हा उदबत्ती-धूप नको, वासानंच उलटी होते, समई पुरे. हरिपाठाचे 27 अभंग एका बैठकीत होणार नाहीत. पाच-सहा तुम्ही वाचा, आईनं पडून ऐकावं. अंघोळ झाली नाही म्हणून ती माळ हातात घेणार नाही. तिला गंगाखेडच्या जनाबाईची आठवण द्या, दळता-कांडता नाव घेणारी बाई सोवळं कुठून पाळणार होती?

सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात. त्या काळात सप्त्याच्या मांडवात गर्दीत बसणं नको. तीर्थ नको, कच्च्या दुधाचं पंचामृत तर नकोच. घरचा गरम शिरा चालतो. ताप 100.4 झाला की अंगारा लावून सकाळची वाट बघायची नाही. गोळी देऊन ताप दाबायचाही नाही, त्यानं जंतुसंसर्ग झाकला जातो. रात्रीचे दोन असले तरी दवाखाना गाठा.

आई, एकादशी निर्जळी नको. पाणी कमी पडलं की चक्कर येते, मलावरोध होतो. वजन उतरलं तर डोसही पुढं ढकलतात. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच. वरण, दही घरी उकळलेल्या दुधाचं, अंडं खात असशील तर पूर्ण शिजवलेलं. काही सोडायचंच असेल तर चहा सोड. (सोडणार नाहीस, ठाऊक आहे.)

काखेतल्या गाठी काढल्यात त्या हातात घट्ट चुडा भरू नकोस. काच लागून जखम झाली तर हात सुजतो. दुसऱ्या हातात हौसेनं भर. पुढं शेक (रेडिएशन) सुरू झाला की त्या जागी हळद-अंगारा नाही, आखलेल्या खुणाही पुसायच्या नाहीत.

बाबा, "मागच्या जन्मीचं भोग" म्हणणाऱ्या बायका येतील. त्यांना ओसरीवरच चहा द्या, आत नको. आई रडली तर "असं बोलू नये" म्हणू नका. नुसतं शेजारी बसा. पण दोन आठवडे झोप नाही, जेवण नाही आणि फुलं वाहायचीही इच्छा नाही असं झालं, तर डॉक्टरांना सांगा, समुपदेशक मागून घ्या.

तुळजापूरचा नवस राहू द्या. पायी नको, उपचार संपल्यावर गाडीनं जाऊ. पुढच्या डोसाआधीचा रक्ताचा रिपोर्ट मला फोटो काढून पाठवा.

तुमची लेक