मुलाखतीच्या केबिनपर्यंत कायदा पोहोचतच नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वंश, रंग, धर्म, लिंग यांवरून नोकरीत भेदभाव करायला मनाई करणाऱ्या अमेरिकेच्या 1964 च्या नागरी हक्क कायद्यावरचा कालच्या अंकातील लेख वाचला. लेखकाचा अभ्यास दांडगा आहे, भाषाही चांगली आहे. पण शेवटी त्यांनी जो निष्कर्ष काढला, की कायद्याने माणसांची मने बदलत नाहीत आणि आपल्याकडे तर कायदे गरजेपेक्षा जास्तच झाले आहेत, तो वाचून रात्री झोप लागली नाही. मने बदला अशी मागणी केली कोणी? ज्याच्या हातात नोकरी देणे आहे, त्याने एखाद्याला का नाकारले ते सांगावे, एवढेच आम्ही मागतो. खासगी नोकरीत जातीवरून डावलले तर ते सांगायला लावणारी व्यवस्था आपल्याकडे नाही.

माझी मुलगी एम.कॉम. आहे. गेल्या पावसाळ्यात अंधेरीतल्या एका वित्त कंपनीत तिची मुलाखत झाली. लेखी चाचणी झाली, एक्सेलवर काम करून दाखवायला लावले, तेही झाले. एचआरच्या मुलीने तर आधीच्या कंपनीचा नोटीस पिरियड किती, रुजू कधी होणार, हेही विचारून घेतले होते. शेवटची फेरी वरिष्ठ साहेबांची. केबिनचे दार लावले गेले. साहेबांनी बायोडाटा उघडलाच नाही. "आडनावावरून काही कळत नाही. मूळच्या कुठल्या?" मुलीने सातारा जिल्हा सांगितला. "ते झालं, पण गावात घर कुठे? गावातच की बाहेरच्या बाजूला?" मग वडील काय करतात ते विचारले. महापालिकेतून निवृत्त झाले, असे तिने सांगितले. त्यावर साहेब म्हणाले, "मग तू सरकारी परीक्षा का देत नाहीस? तुमच्यासाठी तिथे जागा असतात की!" पुढे एकही प्रश्न नाही. ताळेबंदाचा नाही, जीएसटीचा नाही. चहा मागवला होता, तो यायच्या आत मुलाखत संपली.

दुसऱ्या दिवशी मेल आला: निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मुलीने एचआरला फोन केला तेव्हा ती मुलगी बिचारी अडखळत म्हणाली, "सर म्हणाले, टीममध्ये बसणार नाही."

आमच्या ओळखीतल्या दोघा-तिघांनी लगेच सल्ला दिला, अ‍ॅट्रॉसिटी टाका. लेखकमहाशयांनाही बहुधा हाच उपाय अभिप्रेत असावा, कारण त्यांनी 1989 च्या अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा, म्हणजे याच अ‍ॅट्रॉसिटी कायद्याचा, उल्लेख केला आहे. त्या कायद्यात जातीवरून केलेला अपमान गुन्हा ठरायला तो लोकांच्या नजरेसमोर घडावा लागतो. बाहेरचे कोणी हजर नसताना चार भिंतींच्या आत झालेला अपमान त्यात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये स्पष्ट केले आहे. मुलाखतीच्या केबिनला चारच भिंती असतात. नोकरीत आडकाठी करणे हाही गुन्हा 2015 च्या दुरुस्तीने त्यात आला, हे मला ठाऊक आहे. त्याआधी 1955 चा अस्पृश्यता (अपराध) कायदा होता, 1976 मध्ये त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा झाले, त्यातही नोकरीचा उल्लेख आहे. त्याची शिक्षा माहीत आहे का? एक ते सहा महिने कैद आणि दंड जास्तीत जास्त 500 रुपये. पण दंडाच्या रकमेपेक्षा मोठी अडचण ही, की हे सगळे फौजदारी कायदे आहेत. पोलीस ठाणे, एफआयआर, पुरावा. पुरावा कसला देणार? मेलमध्ये तर शुभेच्छा आहेत! आणि माझ्या मुलीला त्या साहेबांना तुरुंगात पाठवायचे नाही. तिचे गुण आणि ज्याला घेतले त्याचे गुण शेजारी-शेजारी ठेवून दाखवा, एवढेच तिला हवे आहे. ते कोणाकडे मागायचे?

मी स्वतः महापालिकेत नोकरी केली. बढतीच्या यादीतून आमची नावे वगळली गेली तेव्हा आम्ही बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या प्रवर्गाची हे दाखवणारी नोंदवही, काढायला लावली, कोणत्या बिंदूवर कोण बसले ते पाहिले आणि चूक दाखवून दिली. साहेब लोक आमच्यावर खूश नव्हते, पण उत्तर त्यांना द्यावे लागले, कारण समान संधीची हमी देणारे संविधानाचे 16 वे कलम सरकारी नोकरीला लागू आहे. अंधेरीतल्या कंपनीला ते लागू नाही. आता तर सरकारी कामेसुद्धा कंत्राटावर जात आहेत, म्हणजे तिथलाही कागद हळूहळू नाहीसा होणार.

लेखात अमेरिकेचा कायदा 'फारसा उपयोगी ठरला नाही' असे एका वाक्यात उरकले आहे. निदान ग्रिग्ज खटला तरी सांगायचा. नॉर्थ कॅरोलिनात ड्यूक पॉवर कंपनीच्या वीज केंद्रात काळ्या कामगारांना फक्त मजूर खात्यात ठेवत. त्या खात्यातला सगळ्यात मोठा पगार इतर खात्यांतल्या सगळ्यात लहान पगाराहून कमी. 1965 मध्ये त्या कायद्याचा नोकरीविषयीचा भाग लागू झाला आणि कंपनीने दुसऱ्या खात्यात जायला लेखी परीक्षांची अट घातली. शालान्त प्रमाणपत्राची अट होतीच. 13 कामगार कोर्टात गेले. 1971 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की जी अट कामाशी संबंधित नाही आणि जिच्यामुळे काळे लोक बाहेर राहतात ती बेकायदा. मालकाचा हेतू चांगला होता की वाईट, हा मुद्दाच नाही. म्हणजे मालकाच्या मनात काय होते ते त्या कामगारांना सिद्ध करावे लागले नाही. मनाचा प्रश्न तिथे असा सुटला! भेदभाव तिथे संपला असे मी म्हणत नाही, पण तक्रार घेऊन जायला आयोग आहे आणि मालकाला तिथे बाजू मांडावी लागते.

मजूर खात्याचा हा प्रकार मुंबईला नवा नाही. माझे आजोबा गिरणीत होते. आमच्या लोकांना विणकाम खात्यात, जिथे पगार चांगला, तिथे घेत नसत. कारण मागावर आडवा धागा नेणाऱ्या धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे आणि आमचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी संपाच्या पुढाऱ्यांना हे ठणकावून विचारले होते. आज गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आले, आणि त्या टॉवरमधल्या कार्यालयांत गावातले घर कुठल्या बाजूला हे विचारले जाते.

हा एका साहेबाचा स्वभाव म्हणून सोडून द्या, असे कोणी म्हणू नये. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल या अभ्यासकांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी खासगी कंपन्यांना पाठवून पाहिले. 2007 मध्ये ते प्रसिद्ध झाले. दलित आडनावाला बोलावणे कमी आले, मुस्लिम नावाला त्याहून कमी. मुस्लिमांच्या स्थितीचा अभ्यास करणाऱ्या सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने 2008 मध्ये त्याचा आराखडाही दिला. आयोग काही आला नाही. खासदार शशी थरूर यांनी लोकसभेत स्वतःहून मांडलेले भेदभावविरोधी खासगी विधेयकही तसेच राहिले. कायदे जास्त झाले म्हणणाऱ्या लेखकाने यातले काय झाले ते एकदा लिहावे.

जाता जाता आपल्या वृत्तपत्राबद्दलही. त्याच अंकात आतल्या पानावर छोट्या जाहिराती आहेत. 'रिसेप्शनिस्ट पाहिजे, अविवाहित, दिसण्यास स्मार्ट.' 'ऑफिस बॉय पाहिजे, शाकाहारी कुटुंबातील.' अविवाहित कशाला हवी? चहा नेऊन देणाऱ्याच्या घरी काय शिजते याच्याशी कचेरीचा काय संबंध? 1976 च्या समान वेतन कायद्याने बायकांशी नोकरभरतीत भेदभाव करायला मनाई केली, ती आता वेतन संहितेत आहे. समानतेवर अर्धे पान छापणाऱ्या वृत्तपत्राने अशा जाहिराती घेताना त्यातल्या अटी काढून टाकायला सांगाव्यात. पैसे मिळतात म्हणून काहीही छापणे आपल्याला शोभत नाही.

पत्र कापावे लागले तर आजोबांचा भाग कापा, मुलाखतीचा राहू द्या. आणि कृपया माझे नाव छापू नये. मुलीच्या मुलाखती अजून चालू आहेत.

– एक वाचक, नायगाव, दादर