मनूच्या मावाशी गेरीबद्दल

सांगली

प्रिय पक्या,

मनूचा कराटेचा व्हिडिओ पाहिला. पोरीत दम आहे! पण लाथ कमरेच्या वर जात नाही म्हणून तू तिला रोज स्प्लिटला बसवतोयस, ते आधी बंद कर. खोट मांड्यांत नाहीच, टेकलेल्या पायात आहे. मावाशी गेरी, म्हणजे बाजूनं फिरवून मारायची लाथ, मारताना ते पाऊल चवड्यावर फिरून टाच समोरच्याकडे व्हायला हवी, तरच कंबर उलटते आणि लाथ वर चढते. मनूचं पाऊल जागचं हलतच नाही, मग सगळा पीळ गुडघ्यावर. तिचा गुडघा दुखतो म्हणतोस, तो बहुधा त्यानंच. तरी डॉक्टरांना एकदा दाखवच.

आपले कराटेचे सर मध्ये प्लास्टिकची खुर्ची ठेवायचे, आठवतंय? तिच्या पाठीवरून आधी गुडघा न्यायचा, टाच कुल्ल्याला चिकटलेली, आणि तिथंच थांबायचं. सर निवांत चष्मा पुसत बसणार. मांडीत गोळा आला की मग कुठं 'इच!', म्हणजे जपानीतलं 'एक', ऐकू यायचं. शहाबादी फरशीवर पाऊल फिरवून चवड्यांची सालं निघायची. पावसाळ्यात गी, म्हणजे कराटेचा ड्रेस, वाळायचा नाही, तसाच ओला चढवायचा. तुझ्या गीच्या वासानं समोरचा आपणहून मागं सरायचा. तुझे निम्मे गुण त्या वासाचे, हे मी आजही सांगतो.

आणि हिकिआशी, म्हणजे पाय मागं ओढणं! मारलेली लाथ तेवढ्याच वेगानं मागं ओढली नाही, की सर पाय धरायचे आणि "आता हा माझा" म्हणत आख्ख्या हॉलभर लंगडी घालायला लावायचे. मुली बघत असायच्या, म्हणून लवकर शिकलो.

हल्ली स्पर्धेत ठोशाला १ गुण, पोटावरच्या लाथेला २, डोक्यावरच्या लाथेला ३. साहजिकच पोरं आल्या दिवसापासून डोकंच शोधतात. माझं ऐकशील तर मनूला काही महिने नुसती माए गेरी, म्हणजे समोरची सरळ लाथ, करू दे. गुडघा छातीशी, बोटं मागं ओढलेली, फटका चवड्याचा. बोटं सरळ राहिली तर काय होतं ते तुझ्या डाव्या अंगठ्याला विचार.

वहिनींना नमस्कार. गणपतीत याल तेव्हा तिचा गी बॅगेत टाक. तुझाही टाक, अजून बसत असेल तर.

तुझा,
बंड्या