अनुदानाची माहिती ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आमच्या गावातील एका भगिनीने मसाला कांडप यंत्रासाठी ‘अनुदान मिळवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला नुकतेच पाच हजार रुपये दिले, हे ऐकून मन विषण्ण झाले. असे छोटे उद्योग सुरू करण्यासाठी बँक कर्जासोबत अनुदान देणाऱ्या पंतप्रधान रोजगारनिर्मिती कार्यक्रमाचा अर्ज ऑनलाइन भरण्यास कोणतेही शुल्क नाही आणि जिल्हा उद्योग केंद्रात मार्गदर्शनही मिळते. या योजनेत ग्रामीण भागातील महिलेला प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के अनुदान असून तिला स्वतःचे ५ टक्के भांडवल घालावे लागते. मात्र अनुदानाची रक्कम रोख हाती पडत नाही, ती तीन वर्षे कर्जखात्याशी निगडित मुदत ठेवीत राहते, आणि मुळात बँकेने कर्ज मंजूर केले तरच ती मिळते, ही सर्वांत महत्त्वाची बाब मध्यस्थ सांगत नाहीत. ‘फुकटचे पैसे’ समजून पुढे गेलेल्या कुटुंबावर मग हप्त्यांचा भार येतो.

प्रशासनाने योजनेच्या अटी, आवश्यक कागदपत्रे आणि ‘अर्ज विनाशुल्क आहे’ हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर ठळक अक्षरांत लावावे. बँकांनीही अर्ज नाकारल्यास त्याचे कारण लेखी द्यावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, जि. सांगली