शेख अली खान परत कामावर गेला तेव्हा

प्रिय सुध्या,

परवा तू फोन ठेवलास आणि मला रात्री झोपच लागली नाही. "साहेबांनी परत बोलावलंय, जाऊ का नको," एवढंच विचारलंस आणि मला काही म्हणजे काही सुचलं नाही. जो माणूस भर मीटिंगमध्ये, सगळ्या स्टाफसमोर तुला तसलं बोलला, ते पण फक्त तू त्या बिलांवर सही करत नाहीस म्हणून, आणि नंतर आठ महिने तुला कुठल्यातरी कोपऱ्यात टाकून ठेवलं, तोच आता म्हणतो ये, हिशोब जुळत नाहीयेत. फोनवर नुसतं हं हं करत राहिलो, म्हणून लिहितोय. आणि लिहायला बसलो तर डोक्यात सारखा एकच माणूस येतोय, तो इराणचा सतराव्या शतकातला वजीर, शेख अली खान.

तुला २०१८ चे बिसुतूनचे फोटो दाखवले होते, आठवतंय? इराणच्या पश्चिमेला करमानशाहजवळ उभा कडा आहे, वर प्राचीन इराणी सम्राट दारयवहूचा (डॅरियसचा) प्रसिद्ध शिलालेख आणि खाली पायथ्याशी त्याच्यानंतरच्या पार्थियन घराण्यातल्या राजाचं कोरीवकाम. त्यातला एक फोटो बघून तू म्हणाला होतास, हे मधेच काय खोदलंय? तेव्हा मी काहीतरी अर्धवट सांगितलं होतं. आता नीट सांगतो.

इराणात सफवी घराण्याच्या बादशाहीचा काळ, राजधानी इस्फहान. तिथल्या मुख्य वजिराचा किताब इतिमाद-उद्-दौला, म्हणजे आग्र्याला आपण नूरजहाँच्या वडलांचा मकबरा बघितला ना, तोच किताब. मान मोठा पण खुर्ची अशी की बसणाऱ्याने घरी निरोप घेऊनच बसावं. १६३४ मध्ये शाह सफीने आपला वजीर मारून टाकला, त्याच्या जागी सारू तकी आला, अकरा वर्षं त्याने सगळा कारभार मुठीत ठेवला आणि १६४५ ला दरबारातल्याच सरदारांनी त्याच्या घरात घुसून त्याला कापला. अशा जागेवर १६६९ मध्ये आपला शेख अली खान आला. झंगना नावाच्या कुर्द टोळीतला, घराणं शाही पागेतून वर आलेलं. हा स्वतः करमानशाहकडचा सुभेदार होता, मग बंदुकवाल्या फौजेचा सरदार झाला आणि तिथून वजीर.

आणि मिळालं काय त्याला, तर रिकामा खजिना. त्याच्या आधी दोन-तीन वर्षं इतकी वाईट गेली होती की विचारू नकोस. कास्पियन समुद्राच्या पश्चिमेकडच्या शिरवान प्रांतात भूकंप झाला, त्या समुद्राच्या काठावर रशियाकडचे कोसॅक लुटारू उतरले, इस्फहानात महागाई, आणि तरुण शाह सारखा आजारी. ज्योतिषी म्हणाले राज्याभिषेकाचा मुहूर्तच चुकला, मग १६६८ मध्ये पुन्हा राज्याभिषेक केला आणि नावसुद्धा बदललं, सफीचा सुलेमान झाला (हा सफी वेगळा, त्या आधीच्या शाह सफीचा नातू). नाव बदलून खजिना थोडाच भरतो. ते काम या वजिरावर आलं.

त्याने काय केलं, तर हिशोब बघायला घेतले. तुझ्यासारखंच. कुणाकडे किती बाकी आहे, कोण किती वर्षं बुडवतोय, दरबारात कुणावर किती उधळलं जातंय. त्या दरबारात पेशकश, म्हणजे नजराणा, दिल्याशिवाय पान हलत नसे, नेमणूक हवी पेशकश, अर्ज पुढे जायला हवा पेशकश, आणि हा माणूस लाच घेत नाही म्हणून शहरभर प्रसिद्ध. डच आणि इंग्रज कंपन्यांचे लोक तर वैतागले होते त्याच्यावर. १६२२ ला पोर्तुगीजांकडून होर्मुझ बेट घ्यायला इंग्रजांनी मदत केली म्हणून त्यांना बंदर अब्बास या दक्षिणेकडच्या इराणी बंदराच्या जकातीत अर्धा वाटा कबूल झाला होता, तो काही त्यांना पुरा मिळत नव्हता आणि याच्यासमोर जाऊन रडून उपयोग नव्हता. आणि मुख्य दुखणं चांदीचं. देशात चांदी यायची आणि बंदर अब्बासवरून जहाजाने सुरतेकडे निघून जायची, कारण इराणला हिंदुस्थानचं कापड, साखर, नीळ सगळं हवं आणि बदल्यात द्यायला पुरेसा माल नाही. वजीर कितीही कडक असला तरी ते वाहतं पाणी तो काय अडवणार.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहितोय. शाह सुलेमानला दारूचं जबर व्यसन. रात्र रात्र मजलिस चालायची आणि दरबाऱ्यांनी बरोबर प्यायचीच. शेख अली खान प्यायचा नाही. धर्माने वागणारा माणूस, वय झालेलं, तो नाही म्हणायचा. शाहला ते सलायचं. त्याने त्याला जबरदस्तीने प्यायला लावलं आणि दरबारात सगळ्यांच्या देखत त्याची दाढी काढवली. त्या काळात फ्रेंच जवाहिऱ्या शार्दँ इस्फहानात होता, असल्या गोष्टी त्याच्यासारख्यांमुळेच आपल्याला कळतात. सुध्या, मी त्या रात्रीपेक्षा दुसऱ्या सकाळचाच जास्त विचार करतो. हा घरी गेला असेल, बायकापोरांसमोर त्या तोंडाने उभा राहिला असेल, नोकरांनी मान खाली घातली असेल. आणि कचेरीत तेच कागद, तीच बाकी.

१६७२ मध्ये शाहने त्याला काढूनच टाकलं. चौदा महिने घरी. आणि १६७३ मध्ये परत बोलावलं. बघ, इकडे रायगडावर महाराजांचा राज्याभिषेक व्हायच्या आदल्या वर्षी तिकडे हा म्हातारा पुन्हा दरबारात जाऊन उभा राहिला. त्याच शाहसमोर.

आणि मग सोळा वर्षं राहिला, १६८९ मध्ये मरेपर्यंत. पण परत आलेला शेख अली खान तो पहिला नव्हता, हेच मला तुला सांगायचंय. काम करायचा, पैशाला हात लावायचा नाही, तेवढं शेवटपर्यंत तसंच. पण शाहच्या मर्जीविरुद्ध काही सांगायची वेळ आली की जपून, मागे मागे. शाह दिवसेंदिवस अंतःपुरातून बाहेर यायचा नाही आणि हा आपणहून विषय काढायचा नाही. पूर्वी जो तोंडावर नाही म्हणायचा तो आता गप्प बसायला शिकला. मला याचा राग येत नाही, वाईट वाटतं. एकदा एवढं सोसल्यावर माणूस दुसऱ्यांदा किती सोसणार.

एका बाबतीत मात्र तो ठाम होता. १६८३ मध्ये व्हिएन्नाला तुर्कांचा पराभव झाल्यावर युरोपातले वकील इस्फहानला येऊन म्हणत होते, आता तुम्ही पण तुर्कांवर चढाई करा. हा बधला नाही. तुर्कांशी झालेला १६३९ चा तह मोडला नाही. सीमेवरच्या मुलखातच वाढलेला माणूस, लढाई झाली की आधी कुणाची शेतं जळतात हे त्याला कुणी शिकवायला नको होतं, असं आपलं मला वाटतं.

आणि तुला माहितीये, आपल्याकडचा एक धागा थेट तिथे जातो. औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर, जो १६८१ ला संभाजीराजांच्या आश्रयाला कोकणात आला, तो १६८७ मध्ये गलबतात बसून मस्कतमार्गे इराणला गेला. तो इस्फहानला पोचला तेव्हा वजीर हाच, शेख अली खान. पाहुणचार भरपूर झाला, पण बापावर चालून जायला फौज काही मिळाली नाही. १६८९ मध्ये इकडे संभाजीराजे गेले आणि त्याच साली तिकडे हा वजीर गेला. मेल्यावर शाहने दोनेक वर्षं त्या जागी कुणाला नेमलंच नाही. हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं होतं.

आता तो फोटो. बिसुतूनला त्याने मोठी कारवानसराई बांधली, आज तिथे हॉटेल आहे. आणि कड्याच्या पायथ्याला ते पार्थियन राजा मिथ्रदाताचं शिल्प, राजासमोर त्याचे सरदार रांगेत उभे. त्याच्या बरोबर मधोमध कमानीच्या आकाराची चौकट खोदून याने आपल्या वक्फचा लेख कोरून घेतलाय, गावांचं उत्पन्न दान दिल्याचा. अठराशे वर्षांचं जुनं शिल्प, त्याच्या छातीतून कमान कापलेली. मी तिथे बोट लावून बघितलं (लावायला नको होतं), कमानीच्या आतला दगड गुळगुळीत आणि बाहेर झिजलेले पाय, अंगरख्याची कडा. दान खरं, आणि ती मोडतोडही खरी. ज्याने एक पैसा खाल्ला नाही त्यानेच हे केलं. मी बराच वेळ उभा होतो, मला त्याच्यावर चिडता पण येईना आणि त्याचं कौतुक पण करवेना.

तू जा किंवा जाऊ नकोस, दोन्हीला मी तुझ्या बाजूने आहे. फक्त गेलास तर जायच्या आधी त्या बिलांचं काय ते साहेबांकडून लेखी घे, आणि संध्याकाळी घरी आलास की मला फोन करत जा, रोज. गप्प व्हायला लागलास तर मला आवाजावरून कळेल.

शनिवारी वहिनींना घेऊन ये. मोठा प्रिंट काढून ठेवलाय त्या कमानीचा, पाय दिसतात त्यात नीट.

तुझा,
मन्या