कार नाही, तरी या

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तुझ्याकडे कार नाही, मग आम्ही तिथे येऊन चार भिंती बघत बसायचं का?" दादाकडे अमेरिकेत तुमचं तसं झालं, त्यामुळे ही धास्ती मला कळते. पण लंडनचं तसं नाही. आणि बाबा, उभा जन्म रेल्वेत काढलेल्या माणसाने इथे जे बघायला हवं, ते कारमधून दिसतही नाही.

हीथ्रोवरून एलिझाबेथ लाइनने आपण थेट पॅडिंग्टनला उतरू. या लाइनच्या प्रत्येक स्टेशनवर रस्त्यापासून प्लॅटफॉर्मपर्यंत एकही पायरी चढावी लागत नाही. आई, तुझ्या गुडघ्यांचा विचार मी आधी केलाय.

सेंट पँक्रास स्टेशन मात्र आईसाठी. लाल विटांची ती इमारत, टोकदार मनोरे, घड्याळ... तुला बोरीबंदरच आठवेल. आत बार्लो नावाच्या इंजिनिअरने बांधलेलं १८६८ चं छत आहे. दोन्ही भिंतींमध्ये जवळजवळ ७३ मीटर अंतर आणि मध्ये एकही खांब नाही. १९६०च्या दशकात हे स्टेशन पाडायला निघाले होते, तेव्हा ते वाचवायला जे पुढे आले, त्यात जॉन बेटजमन नावाचे कवी होते. वरच्या मजल्यावर त्यांचा पुतळा आहे. कोट वाऱ्यावर उडतोय, एक हात टोपीवर आणि मान वर करून ते छताकडे बघतायत. मी त्या बाजूला गेले की त्यांना भेटल्याशिवाय निघत नाही. तिथून चालत युस्टनजवळच्या ड्रमंड स्ट्रीटला गेलो की शाकाहारी जेवणाचीही सोय होते.

बाबा, तुमचं देवस्थान बेकर स्ट्रीट. ठाण्याला पहिली गाडी आली १६ एप्रिल १८५३ ला. त्यानंतर दहा वर्षं व्हायच्या आत, १० जानेवारी १८६३ ला, इथे जगातली पहिली भुयारी रेल्वे सुरू झाली, तीही वाफेच्या इंजिनांवर! पाच आणि सहा नंबरचे प्लॅटफॉर्म त्याच वेळचे. विटांच्या कमानी आणि भिंतीत तिरके वर गेलेले झरोके आजही तसेच आहेत. तिथे जिने आहेत, पण आपल्याला वर जायचंच नाही. गाडीतून उतरून बाकावर बसायचं, मनसोक्त बघायचं आणि मागून येणारी गाडी पकडायची. रूळही नीट बघा. वर ओव्हरहेड वायर नाही. दोन रुळांच्या जोडीला आणखी दोन रूळ आहेत, एक बाहेरच्या बाजूला आणि एक मधोमध, करंट त्यांतून येतो-जातो. कारशेडमध्ये इतकी वर्षं काढलेल्या तुम्हाला ते बघून जे प्रश्न पडतील, ते ऐकायला मी आतापासून उत्सुक आहे.

डीएलआर ही इथली हलकी रेल्वे. तिला मोटरमनच नाही. डब्यात एक कर्मचारी असतो, पण गाडी आपोआप चालते, त्यामुळे पहिल्या डब्यातली अगदी पुढची सीट प्रवाशांना मिळते. बँक स्टेशनवरून ग्रिनिचला जाताना ती तुमच्यासाठी धरायची, हे मी ठरवूनच टाकलंय. समोर रूळ, वळणं, येणारी गाडी, आणि शेवटी थेम्स नदीच्या खालून बोगदा.

यॉर्कला रेल्वेचं मोठं म्युझियम आहे, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर, प्रवेश फुकट. किंग्ज क्रॉसवरून गाडीने साधारण दोन तास. १९३८ मध्ये ताशी २०३ किलोमीटर धावलेलं मॅलार्ड हे वाफेचं निळं इंजिन तिथेच उभं आहे. तो दिवस फक्त बाबांचा. आईला कंटाळा आला तर तिला मी गावात फिरवून आणीन.

दोघांची वेगवेगळी ऑयस्टर कार्डं, म्हणजे इथली प्रवासाची कार्डं, काढून ठेवते. दिवसात ठरलेल्या रकमेच्या पुढे पैसे कापत नाहीत, म्हणून कितीही चढा-उतरा. डीएलआरला बऱ्याच ठिकाणी गेट नसतं, तिथे पिवळ्या गोलाला कार्ड लावायचं तेवढं लक्षात ठेवा. मी ऑफिसला गेले तरी तुमचं तुम्ही आरामात फिराल.

व्हिसाचे कागद मी या आठवड्यात पाठवते. बाबा, बँकेचं स्टेटमेंट तेवढं काढून ठेवा. आणि चालायचे बूट आत्ताच घ्या. रोज संध्याकाळी ते घालूनच तलावपाळीला चक्कर मारा, म्हणजे इथे येऊन चावणार नाहीत.

तुमची लेक